लाल फितीचं रॉकेट

प्रिय धाकटे काका,

कारखाना विकलाय. नव्या मालकांना खोक्यावर छापायला घरी जोडून उडवायच्या आपल्या छोट्या रॉकेटांचा इतिहास हवाय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सकाळपासून उठते, बसते, पुन्हा तेच वाक्य खोडते.

अडले ते सगळ्यात लहान मॉडेलपाशी. बाबांच्या पॅराशूटमुळे ते वाऱ्यावर वाहत जायचं आणि हरवायचं. मग तुम्ही मैदानातच माझ्या वेणीची लाल फीत सोडून त्याला बांधलीत आणि ते फडफडत पायाशी उतरलं. आजही तेच सर्वांत जास्त खपतं. पण तुम्ही भांडून गेल्यापासून आमच्या घरात ती फीत बाबांनाच सुचलेली आहे.

मी तेव्हा लहान होते. मला खरंच आठवतं, की तुमची बाजू घ्यायची म्हणून आठवतं? शेवटी लिहिलं, "धाकट्या भावाने पुतणीच्या वेणीची फीत सोडली," आणि कागद बाबांपुढे ठेवला.

"चूक आहे," बाबा म्हणाले. मी कागद मागे घ्यायला हात पुढे केला.

"एका हाताने सोडली, असं लिही. दुसऱ्या हातात रॉकेट होतं त्याच्या."

"म्हणजे तुम्हाला आठवतंय?"

"तू भोकाड पसरलं होतंस, ते विसरेन होय?"

हे पत्र पाठवणार नाही. छापलेलं खोकंच पाठवीन. बाबांचं वाक्य त्यावरच वाचा. न बघताच माळ्यावर टाकाल, एवढी एकच धास्ती आहे.

एक वेणी अजून मोकळी असलेली,
तुमची पुतणी