पोचलेली पाकिटं, टाकलेली पाकिटं

तीर्थस्वरूप दाजी यांस,

तुमच्या भिंगरीचा बसल्या जागेवरून नमस्कार (हो, बसल्या जागेवरून, कसा ते पुढे येईलच). तुमची कंबर कशी आहे? ताईच्या शिवणाच्या दुकानातल्या त्या गादीच्या खुर्चीवर बसून बसून आणखी धरली असेल, म्हणून विचारलं. मी बरा आहे, म्हणजे जेवतो, झोपतो आणि उरलेला वेळ इथून कधी निघतो याचा विचार करतो.

तर इथली भानगड ऐका. आमच्याकडे कॉम्प्युटरची नेटवर्क कार्डं तपासतात. एका मशीनमधून वायरीने माहितीची बारकी बारकी पाकिटं सोडायची, दुसऱ्या मशीनच्या कार्डाने ती घ्यायची. कार्ड आणि मशीन यांच्या मध्ये एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो पाकिटं आत पोचवतो आणि हिशेब देतो, की इतकी आली, इतकी टाकली. माझं काम वायरी जोडायचं आणि पडद्यासमोर बसायचं. (मला बसायचं काम देणाऱ्याचं डोकं आधी तपासायला हवं. बाकावर बसवेना म्हणून तर शाळा सुटली.)

मध्येच घोटाळा निघाला. ड्रायव्हर म्हणे सगळी पाकिटं आली, टाकलं एकही नाही. आणि आत बघावं तर पुष्कळ गायब! हा ड्रायव्हर लिहिणाऱ्या मॅडमनी सगळं सोडून टेबलाखाली पाहिलं. तिथे माझा पाय हलत होता. (माझा पाय तुम्हाला ठाऊक आहे, ताटावरसुद्धा थांबत नाही.) झालं, सगळे म्हणाले, वायर ह्याच्या पायानेच ढिली होते.

पायावर आळ आला म्हणताच माझं डोकं फिरलं. मी वायरच उपटून हातात धरली आणि चाचणी पुन्हा लावली. काय सांगू दाजी, पडद्यावर सगळीकडे सारखा आकडा! "जुळले! जुळले!" म्हणून मी असा ओरडलो की अख्खी खोली धावत आली. मॅडमनी पडदा पाहिला, मग माझ्या हातातली वायर पाहिली. म्हणाल्या, "अरे शहाण्या, शून्य शून्याशी जुळणारच!"

मग मी हट्टाला पेटलो. टेबलापासून लांब बसलो आणि दोन्ही पाय खुर्चीला फडक्याने बांधून घेतले (इज्जतीचा प्रश्न होता). पाय गप्प, तरी पाकिटं गायबच! इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

शेवटी मॅडम ओळ न ओळ वाचत बसल्या आणि चोर सापडला. ड्रायव्हर पाकीट हातात पडलं की लगेच 'आलं' म्हणून मोजायचा. आत जागा नसली की गुपचूप टाकून द्यायचा आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. मॅडम पडद्याकडे बघून चिडल्या, "टाकलंस तर टाक बाबा, गर्दीत पडतात पाकिटं. पण टाकलं म्हणून सांग की!" बोलत होत्या ड्रायव्हरला, पण माझ्या डोळ्यांपुढे का कोण जाणे, ती गादीची खुर्ची आली.

आता आकडे खरे येतात. मॅडम खूश आहेत, मला कायम करू म्हणतात. सगळं उत्तम चाललंय, काळजी नसावी. ताईला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमचाच,
भिंगरी

ता. क. परत येऊन दुकानात काज-बटणं करू का, असं ताईला विचारायला मी तुम्हाला कितीदा सांगितलं. घरात फोन एकच, तो तुमच्याच खिशात असतो आणि दर वेळी तुम्ही म्हणता, "निरोप पोचला रे." तो तुमच्यापर्यंत पोचला, का तिच्यापर्यंत? दुकानात दुसरी खुर्ची नाही हे मला माहीत आहे. मी उभा राहीन, नाहीतरी मला कुठे बसवतंय.

आणखी एक ता. क. ह्या पाकिटावर मी दाजींचं नाव घातलेलं नाही, ताईचं घातलंय. तेव्हा ताई, हे तूच वाचते आहेस. दाजींना फार बोलू नकोस, त्यांची कंबर धरलीये. येऊ का, एवढंच कळव. नको म्हणालीस तरी चालेल, पण ते तुझ्या तोंडचं असू दे. तोवर पाय बांधून ठेवतो.