वाळूत पुरलेला बाबा

१२ ऑगस्ट २००४, गुरुवार

खेळातून उपचार करताना मूल काय खेळलं ते बाहेर सांगायचं नाही, हा माझाच नियम. मीच मोडला.

सात वर्षांच्या सईचे बाबा कंपनीच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेत आहेत. ती दर वेळी बाहुल्यांमधला बाबा वाळूत पुरायची, मग तिचं पोट दुखायचं थांबायचं. गेल्या आठवड्यात तिची आई म्हणाली, "मॅडम, नुसतं खेळायला येरवड्याहून दोन बस बदलून यायचं का?" मला लागलं ते. पुरलेल्या बाबाचं सांगून बसले. का सांगितलं मी?

आज सईने वाळूला हातच लावला नाही. बाबाला खुर्चीत बसवलं, त्याचा सदरा नीट केला आणि पोट दाबून धरत म्हणाली, "हे पण आईला सांगा हं."