गोदामाला दिलेला चुना

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चि. चिंगीस, आजीचे तोंडभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आत्याने वाचून दाखवलं, आणि हेही तीच लिहून घेते आहे. अक्षर लागलं नाही तर दोष तिचा. माझ्या अक्षराला आजवर कोणी नावं ठेवलेली नाहीत.

आपल्या बंदराचा इतिहास लिहायला तू तिथे जाऊन राहिलीस, बरं केलंस. धक्का गाळाने भरला, माणसं पांगली, इतिहास तेवढा उरलाय. तू विचारतेस, ‘सारंगाच्या बेपर्वाईमुळे लाँच वाळूवर चढून फुटली’ असं बंदर कचेरीच्या कागदात आहे, सारंग म्हणजे सुकाणू धरणारे आजोबाच, तर त्यांच्याबद्दल तेच छापावं लागेल का? आत्याने ते वाक्य हळूच वाचलं. माझे कान शाबूत आहेत हे ती विसरते.

तर ऐक. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळू आहे. बाहेरच्या खडकाला वळसा घातला की आपल्या घराची पांढरी भिंत नाकासमोर धरायची, म्हणजे खोल पाण्यातून आत येता येतं. सगळ्या होड्या तशाच यायच्या. त्या भिंतीला चुना मी द्यायची. आजोबा म्हणायचे, बाकीचे बायकोच्या धाकाने घरी येतात, मी तिच्या चुन्याने येतो.

त्या वर्षी लाँच दुरुस्तीसाठी लांबच्या बंदरात गेली, सोबत आजोबा आणि इंजिनवाला. इकडे मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून कचेरीने आपलं लाल गोदाम चुन्याने पांढरंशुभ्र करून टाकलं. ते आपल्या घराच्या जवळच, समुद्राकडे तोंड करून. गावातल्यांनी ते पांढरं होताना पाहिलं होतं, त्यांना काय अडचण? पण या दोघांना कोण सांगणार? ते परत आले तेव्हा दिवस मावळत होता, हवा धुरकट होती. मी दारात उभी होते. लाँच गोदामाच्या रोखाने येताना दिसली. ओरडले, पण समुद्रावर माझा आवाज तो कितीसा पोचणार! दोघंही गेले.

लगेचच गोदाम पुन्हा लाल झालं. कचेरीत मी हे सगळं सांगितलं. कारकुनाने लिहिलं, मी अंगठा उठवला. इंजिनवाल्याची बायको म्हणजे माझी सख्खी शेजारीण, दिवसातून दहादा येणारी. ती त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मी गाव सोडलं तेव्हासुद्धा खिडकी लावून घेतली.

माझ्या शब्दावर छापू नकोस. बायकोच ती, नवऱ्याची बाजू घेणारच. तू संध्याकाळी होडीतून खडकापर्यंत जा आणि मागे वळून बघ, घर आणि गोदाम किती जवळजवळ दिसतात ते.

जेवण वेळेवर घे. तुझ्यावर जीव टाकणारी,
आजी

रविवार, १६ नोव्हेंबर

ती. आजीस, सा. न. वि. वि.

आत्याचं अक्षर लागलं, तिला सांग.

काल गेले. होडी कोणाची मिळाली सांगू? इंजिनवाल्याच्या मुलाची. आधी नाहीच म्हणाला. आमच्या घरात तुझ्या आजोबांचं नाव काढत नाहीत, असं तोंडावर सांगितलं. मग काय वाटलं कोण जाणे, चल म्हणाला.

खडकापाशी वळून पाहिलं आणि आपलं घर लगेच ओळखलं म्हणून खुशीत बोट दाखवलं. तो हसला. म्हणाला, ते गोदाम आहे, तुझं घर त्याच्या अलीकडचं. लाल रंग पावसाने धुऊन गेला आणि खालचा चुना उघडा पडला, तेव्हापासून नवख्यांना हमखास चकवतं. बोलता बोलता तो थांबला. होडीचं इंजिन बंद केलं. खालचा चुना कधीचा, असं त्याने मला विचारलं. मी तुझं पत्र काढून त्याला वाचून दाखवलं.

 मग त्याने सांगितलं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते. कारकुनाने त्याच्या आईला सांगितलं होतं, की सारंग दारू प्यायलेला होता असं त्याच्या बायकोनेच लिहून दिलंय, खाली तिचा अंगठा आहे. आई म्हणे तेवढंच धरून बसली.

तब्येतीला जप. तुझी माया अशीच राहू दे.
चिंगी

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

माझ्या शेजारणीस, न. वि. वि.

हे माझी नात तुला मोठ्याने वाचून दाखवते आहे. तुला कमी ऐकू येतं असं कळलं. सोयीचं तेवढंच ऐकायची तुझी सवय मात्र जुनी आहे.

चिंगीचं पत्र आत्याकडून मी दोनदा वाचून घेतलं. मग जेवण गेलं नाही. मी कचेरीत गोदामाचा चुना सांगितला होता. दारूचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, बाई. मला वाटायचं, माझा नवरा चुकला म्हणून तू तोंड फिरवलंस. तुला वाटत राहिलं, मीच त्याला प्यायलेला ठरवून मोकळी झाले. दोघी एकाच दिवशी उघड्या पडलो आणि दोन भिंतींआड बसून वेगवेगळ्या रडलो.

आता मला प्रवास झेपत नाही आणि तू तर गल्लीसुद्धा ओलांडत नाहीस म्हणे. तेव्हा भेट काही होत नाही. एक कर, संध्याकाळी ती खिडकी उघडी ठेव.

लोभ होता, तो राहू दे. खाली अंगठा माझाच आहे. या वेळी आधी वाचून घेतलंय.