डुकरात किती माणूस, याविषयी दाजींस

तीर्थस्वरूप दाजींस,

तुमच्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमची प्रकृती तुम्हाला विचारावी तर तुम्ही "मशीन चालू आहे" एवढंच सांगता, म्हणून ती मी ताईला विचारतो आणि मग खरी कळते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास रक्त धुऊन घ्यायचं, पाणी मोजून प्यायचं, आणि तरी शेजारच्या पोरांना अपूर्णांकांवरून फैलावर घ्यायचं, हे तुम्हीच करू जाणे. मागच्या महिन्यात मी आमच्या संस्थेतल्या प्रयोगाचं बोलायला लागलो तर "डुकराचं काही अंगात घेणार नाही" म्हणून तुम्ही फोन आपटलात. पत्र आपटलं तरी त्यातला मजकूर शाबूत राहतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमचा 'ठोकपीट' (हे नाव तुम्ही ताईच्या लग्नाच्या बोलण्यांत ठेवलंत, मी दाराआड उभा होतो) एका संशोधन संस्थेच्या नीतिसमितीवर कसा पोचला, ते आधी सांगतो. एका जुन्या वेल्डिंग मशीनवर मी धंदा सुरू केला आणि आज पिंजरे, फाटकं, कठडे म्हटलं की लोक मलाच बोलावतात. संस्थेच्या प्राणिगृहातले सगळे कप्पे माझ्याच हातचे. त्यांच्या नियमात असं आहे की समितीवर एक तरी माणूस विज्ञानातलं काहीही न कळणारा हवा. अध्यक्षांनी पुष्कळ शोधलं म्हणे, पण हल्ली जो तो थोडंफार वाचलेला निघतो. मला त्यांनी तीन प्रश्न विचारले, तिन्ही उत्तरं साफ चुकली, आणि माझी एकमताने निवड झाली. दाजी, निव्वळ अज्ञानाच्या जोरावर मिळालेली ही माझी पहिली खुर्ची, आणि तीही हातांची!

प्रयोग असा. डुकराच्या अगदी कोवळ्या गर्भात त्याची स्वतःची किडनी तयारच होणार नाही अशी आधी व्यवस्था करायची, मग त्यात माणसाच्या पेशी सोडायच्या. जागा रिकामी दिसली की त्या तिथे माणसाची किडनी बांधायला घेतात. हे मला ताबडतोब कळलं (चौकट एकाची, फाटक दुसऱ्याचं, आम्ही रोज करतो). अडचण एवढीच, की या पेशी सांगितल्या जागी बसत नाहीत. काही भटकत भटकत मेंदूत जातात. मग ते जनावर डुक्करच राहिलं, की आत कुणीतरी बसून आपल्याकडे बघतंय? यावर तीन बैठका भांडण झालं. वकीलसाहेबांना ते जनावर मालमत्ता की पक्षकार हे आधी ठरवून हवं होतं. प्रयोग ज्यांचा, त्या डॉक्टरांना (मी त्यांना घाईवाले म्हणतो, ते बसतानाही उठल्यासारखे बसतात) फक्त सही हवी होती. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी माणूसपणाच्या दहा खुणाच लिहून काढल्या: ओळख ठेवणे, वाट पाहणे, रुसणे, दुसऱ्यासाठी राखून ठेवणे, आपली युक्ती लपवणे वगैरे. (मी ती यादी आमच्या जावयाला लावून पाहिली. साडेतीन भरल्या. असो.)

मी पहिल्याच दिवशी उभं राहून सांगून टाकलं होतं, की माझ्या दाजींच्या दोन्ही किडन्या गेल्यात, तेव्हा मी काही इथे तटस्थ नाही. अध्यक्ष म्हणाले, मग तुम्हाला मत देता येणार नाही, बोलता मात्र येईल. माझ्या मनात काय होतं ते तुमच्यापासून कशाला लपवू? परवानगी आजच मिळावी आणि पहिली किडनी तुमच्याकडे यावी.

पण काम घेतलं की माप स्वतः घ्यायचं, ही माझी जुनी खोड. बाईंची यादी आणि एक स्टूल घेऊन मी दोन दिवस प्राणिगृहात जाऊन बसलो. काही जनावरांच्या कानाला पांढरा बिल्ला, काहींच्या पिवळा. माझ्या कारखान्यात पिवळा रंग म्हणजे 'जपून, इथे काम चालू आहे'. म्हणजे माणसाच्या पेशी सोडलेली जनावरं ती पिवळी, हे मी विचारल्याशिवायच ओळखलं. त्यातली एक डुकरीण मी निवडली. पहिल्या तासात तिने माझी कडी उघडली. माझी, दाजी! जिला मी दहा वर्षांची हमी दिली होती ती! नाकाने वर उचलून डावीकडे फिरवायची, बाहेर येऊन शेजारणीच्या कप्प्यात एक बटाटा ढकलायचा, आणि पावलं वाजली की आत जाऊन कडी होती तशी लावून ठेवायची. प्राणिगृह सांभाळणाऱ्या मावशींना उशीर झाला की दाराकडे तोंड करून उभी राहायची, आणि त्या आल्या की पाठ फिरवायची. दहापैकी सात खुणा भरल्या.

बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, हे थांबवा. आत कुणीतरी आहे, मी दोन दिवस तिच्यासमोर बसून आलोय. घाईवाले म्हणाले, "आणि तुमचे दाजी?" मी म्हटलं, "त्यांच्याच जिवावर उठून बोलतोय, तेव्हा नीट ऐका." बाईंनी डोळे पुसले. वकीलसाहेबांनी पेन बंद केलं. तेवढ्यात नोंदवही घेऊन आलेल्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "अहो दादा, पिवळ्या बिल्ल्याची होय? ती साधी डुकरीण आहे. माणसाचं घातलेली अजून एकही जन्मली नाही. तुम्ही समितीवाल्यांनी सही कुठे केलीय अजून!"

लोक हसले. वकीलसाहेब तर खुर्चीवरून घसरले. मीही हसलो, कारण अशा वेळी न हसणारा माणूस जास्त वेळ मूर्ख दिसतो. मग हसणं ओसरल्यावर म्हटलं, हसून झालं असेल तर एक विचारू? माणसाची एक पेशीसुद्धा नसताना ही सात गुण मिळवते. म्हणजे तीन बैठका आपण भीत होतो ते तिला काय कळेल याला नाही, तिच्यात आपलं कुणी सापडेल याला. आपलं निघालं तर जपायचं, तिचं तिचं असलं तर नाही, असंच ना? बाईंनी आपली यादी मधोमध फाडली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझं बोलणं लिहून घेतलं.

शेवटी ठरलं ते असं: परवानगी आहे, पण पहिले गर्भ चार आठवड्यांपर्यंतच वाढवायचे, मेंदूत किती पेशी गेल्या ते पाहायचं, आणि त्याचं उत्तर मिळाल्याखेरीज एकही पिल्लू जन्माला घालायचं नाही. शिवाय पांढऱ्या-पिवळ्या सगळ्यांना दुप्पट जागा आणि सोबत. (कप्पे मीच वाढवून देणार. कडी बदलणार नाही.) घाईवाल्यांनी या अटींवर सही केली, तीही उभ्याउभ्या. ताईस नमस्कार सांगावा.

आपला,
ठोकपीट

ता. क. घाईवाल्यांनी जाताना मला बाजूला घेतलं. म्हणाले, सगळं सुरळीत झालं तरी माणसाच्या पोटात ही किडनी बसायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तेव्हा दाजी, तुमच्यावर डुकराची किडनी घेण्याची वेळच येत नाही. तुम्ही उगाच रागावलात आणि मी उगाच भांडलो.

आणखी एक ता. क. त्या दिवशी तुम्ही आपटलेला फोन बंद झाला नव्हता. "त्याच्याकडे शब्द टाकायचा नाही, मला त्याच्यापुढे हात पसरायचा नाही," असं तुम्ही ताईला म्हणालात आणि ती रडली, हे सगळं मला ऐकू आलं. कुणी शब्द टाकलेला नाही. मी आपणहून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त जुळतं, बाकीचंही जुळतं, आणि एका किडनीवर माझं उत्तम चालेल असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. घरातून परवानगी मिळाली. बायको तर म्हणाली, द्या, पण त्यांना सांगा की आता तरी पाणी पोटभर प्या.

शेवटचं, आणि पत्र खरं याचसाठी. आपण रक्ताचे नाही, म्हणून हॉस्पिटलचीही एक समिती बसते. सोमवारी सकाळी अकराला दोघांनाही बोलावलंय. हा मनुष्य किडनी मायेपोटी देतोय का, एवढं त्यांना मला विचारायचंय. ते मी सांगेन. तुम्हाला विचारणार आहेत, की याच्याविषयी तुमच्या मनात माया आहे का. हे तुम्हालाच स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, ताईने सांगून चालत नाही. एक वाक्य पुरतं, आणि ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघून म्हटलं तरी चालतं, हे मी त्यांना आधीच विचारून ठेवलंय.