माझ्या खोलीचं दार उघडं आहे

४ जानेवारी
विद्यार्थी कल्याण विभागाचं संचालकपद रिकामं झालंय. उपसंचालक मीच, म्हणजे प्रश्न मिटला. तरी कुलसचिव म्हणाले, महिनाअखेर समिती येईल, तिला ‘विद्यार्थ्यांशी जिव्हाळा’ बघायचाय. बघा म्हणावं! उद्यापासून माझ्या खोलीचं दार दिवसभर उघडं. कुणीही यावं, मन मोकळं करावं. मी फक्त ऐकणार. उपदेश बंद.
हे म्हणाले, ऐकायचा सराव घरापासून सुरू कर. पुढेही काही म्हणत होते, पण मला वेळ नव्हता.

५ जानेवारी
कोणी आलं नाही. थंडी फार आहे.

७ जानेवारी
एक मुलगा आला. फी कुठे भरायची विचारत होता. बसवून घेतलं, शिस्तीबद्दल चार शब्द सांगितले. सुटला तेव्हा फीची खिडकी बंद झालेली. चेहरा गंभीर दिसला. परिणाम झालाय.

९ जानेवारी
शिपायाला विचारलं, मुलं का येत नाहीत? म्हणाला, घाबरतात मॅडम, तुमच्यामागे तुम्हाला ‘कर्फ्यू’ म्हणतात. वसतिगृहाचं फाटक आठच्या ठोक्याला बंद करायची पद्धत मी घातली, ती अजून लक्षात आहे तर! आदर असा कमवावा लागतो.

१३ जानेवारी
ग्रंथालयाची वाचनखोली रंगकामासाठी बंद. मेलं त्याचंही परिपत्रक मलाच काढावं लागलं. पण आज पाच मुलं आली! शेवटी माणूस ओळखतात.

१६ जानेवारी, दुपारी
खोली भरली. बोलत मात्र कुणी नाही. कानांत इअरफोनची बोंडं, पुस्तकात डोकं. चष्मेवाल्या मुलीजवळ जाऊन विचारलं, बाळ, मनात काय सलतंय? म्हणाली, मॅडम, जरा हळू बोलाल का, उद्या पेपर आहे.
किती मोकळेपणा! फोन घ्यायला मात्र मला बाहेर जावं लागतं.

२० जानेवारी
वैताग. माझ्या खुर्चीवर कुणीतरी मफलर टाकून जागा धरली होती. फाडून खाणार होते, इतक्यात समिती आठवली. दिवसभर स्टुलावर बसून फायली उरकल्या. कंबरेचा काटा ढिला झाला. ह्यांनी मलम लावून दिलं आणि विचारलं, जिव्हाळा नक्की कुठे दुखतोय?

२९ जानेवारी
समिती आली. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. अध्यक्षबाई दारातच थबकल्या. प्रशासनाच्या खोलीत इतकी निवांत मुलं कधी पाहिली नाहीत, म्हणाल्या. मी माहिती द्यायला तोंड उघडलं, तर सगळी मुलं एका सुरात ‘शूऽऽ’! समिती हसली. मीही हसले. पद नक्की.
हे म्हणाले, आधी ऑर्डर हातात पडू दे. काही माणसांच्या तोंडून शुभ निघतच नाही.

३ फेब्रुवारी
समितीने माझ्या उपक्रमाचं तोंडभरून कौतुक केलंय. संचालकपद क्रीडाशिक्षकांना. माझी खोली, टेबलासकट, कायमची विद्यार्थ्यांना. मी उद्यापासून परीक्षा विभागात, कपाटांच्या मागे.

४ फेब्रुवारी, सकाळी
फायली बांधत होते. चष्मेवाली उठून माझ्याकडे आली. इतक्या दिवसांत आपणहून बोलायला आलेलं हे पहिलं पोर. हातातलं सगळं खाली ठेवलं. म्हटलं, बोल.
म्हणाली, मॅडम, तुमचं आवरलं का? टेबल खिडकीशी न्यायचंय, एकटीला हलत नाही.
दुसरी बाजू मी धरली.