तंबाखू? नाही

आई, परवा कॉलेजात आम्हा सगळ्या प्राध्यापकांची हृदयाची तपासणी झाली. शेजारच्या वर्गातले सर शिकवता शिकवता कोसळले आणि गेले, तेव्हा कुठे संस्थेला जाग आली. शोकसभेत आम्ही उभे राहिलो आणि तिथूनच पुढच्या तासाला गेलो. तपासणीच्या रांगेत नर्सने विचारलं, "तंबाखू, गुटखा?" मी "नाही" म्हटलं. मागची मॅडम हसली, "त्यांना काय विचारताय? गुटख्याचा वास आला तरी पोराला वर्गाबाहेर काढतात त्या!" तिनेही पुढे "नाही"च सांगितलं. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, कार्डिओग्राम बिघडलेला. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर बैठं काम, वेळेवर जेवण नाही, चालणं नाही, त्यात आई हृदयविकाराने गेलेली. तंबाखू नाही, तेवढंच बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्रीच्या डबीत बोट घातलं आणि हात तिथेच थांबला.

निपाणीतलं आपलं स्वयंपाकघर. तू तव्यावर तंबाखू भाजतेस, घरभर ठसका उठतो, मी खोकत परसात पळते. मग ती काळी पूड कुटून, चाळून तू डबी भरतेस. माझी दाढ दुखली की ओरडतेस, "रडतीस काय गं? बोट लाव, दात लोखंडागत हुतील." सकाळी तुझ्या तोंडात मिश्री असेपर्यंत तुझ्याशी कुणी बोलायचं नाही. आप्पांनी काही विचारलं तरी नुसतं "हूं." मला बेळगावात नोकरी लागली तेव्हा पितळी डबी भरून दिलीस. "तिकडं असली मिळायची न्हाय."

पुढे त्याच बेळगावात तुला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं तर तू रागावलीस, "ते गडीमान्साचं काम. आमी न्हाय खात." डबी तुझ्या उशाखाली होती. मी शेजारी उभी होते आणि मलाही त्यात काही खोटं वाटलं नाही. त्याच आठवड्यात तू गेलीस.

आता कळून काय उपयोग? काल मिश्री सोडून पाहिली. डोकं ठणकलं, वर्गात विनाकारण ओरडले, संध्याकाळी पुन्हा डबी उघडली. दिवसभर तास, मीटिंगा, पेपर, सगळे माझ्याकडे काही ना काही मागत असतात. सकाळी तोंड बंद असतं तेवढाच वेळ माझा. तुझंही तसंच होतं का गं? तुला हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

उद्या अँजिओग्राफी आहे. डॉक्टर पुन्हा तेच विचारतील. खरं काय ते मला माहीत आहे, पण ते तोंडातून निघेल असा भरवसा नाही. सर गेले, तू गेलीस, आता रांगेत मी.

हे कुठे पाठवायचं नाहीच. इतका वेळ लिहीत बसले, घरात कुणी मला हाक मारली नाही. तोंडात मिश्री आहे, आई.