शेवटच्या पानावरचं नाव

अण्णा, त्या पुस्तिकेबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले. इतकी वर्षं झाली, तुम्हीही गेलात, तरी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

शिवाजीनगरच्या प्रेसमध्ये तुम्ही जन्मभर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवलेत. छापील काहीही हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायचात, कुणी छापलंय ते बघायला. लग्नपत्रिकासुद्धा आधी उलटी करायचात. आई चिडायची, 'नवरी कोण ते तरी वाचा.' मग आमच्या कंपनीला कॉम्प्युटरसाठी मराठी अक्षरं हवी होती. साहेब मला म्हणाले, 'तुझे वडील जाणकार आहेत, घरचंच काम समजून करू देत.' सभेत ते आम्हाला कुटुंब म्हणायचे, आणि संध्याकाळी फाटकावर आम्हा कंत्राटी मुलींच्या पिशव्या उपसल्या जायच्या. कसलं डोंबलाचं कुटुंब! तुम्ही मात्र चार महिने स्वयंपाकघरात आलेखाचे कागद पसरून बसलात. जेवायला हाक मारली की तुमच्या कानडी वळणाच्या मराठीत, 'स्वल्प थांब गं, ळ अजून नीट बसत नाहीये.' पैसे नको म्हणालात. अक्षरांसोबत निघणाऱ्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नाव तेवढं घाला, म्हणालात. साहेब लगेच हो म्हणाले.

पुस्तिका घरी आणली तो दिवस अजून दिसतो. तुम्ही चष्मा धोतराला पुसता, मागून पान उघडता, बोट खालपर्यंत नेता. पुन्हा वरून खाली. आई पोळी लाटायची थांबलीय. मी म्हणते, 'कंपनीनं काढलं, अण्णा. या लोकांना गरज सरली की कुणी कुणाचं नसतं.' तुम्ही पुस्तिका मिटता. 'सरी, बरं. तू भांडू नकोस हां त्यांच्याशी. नोकरी सांभाळ.' त्यानंतर तुम्ही लग्नपत्रिका सरळच वाचायला लागलात.

कंपनीला मी आजही शिव्या देते, आणि त्या तिला लागू आहेत. दिलेला शब्द साहेबांना आठवतही नव्हता. पण मजकूर मीच टाइप केला होता, आणि तुमचं नाव त्यात होतं. छपाईला जायच्या सकाळी साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मला कायम करायचं की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. त्यांनी काढायला सांगितलं नाही, अण्णा. फक्त विचारलं, 'हे कोण?'

मी म्हणाले, 'कुणी नाही सर, चुकून राहिलंय.' आणि त्यांच्यादेखत पुसलं.

हे पत्र तुमच्या आलेखाच्या कागदांत ठेवतेय. खाली माझं नाव लिहायला हात होत नाही.